घाटाची वाट आणि वाडीची वाट

बोनकोडे गावात उभे राहून पूर्वेकडे तोंड केले, की प्रथम दिसतो तो ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या पलीकडे पारसिकच्या डोंगराची रांग. गावाचे शिवार आता नावालाच उरले आहे. ज्या पट्ट्यात भाताची खाचरे होती, खाडीकाठी मिठागरे होती, तेथे आज उपनगरांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. या रस्त्याने दक्षिणेला निघालेला माणूस तुर्भे, बेलापूर, खारघर मागे टाकून कळंबोलीला पोहोचतो आणि तेथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागतो. थोड्याच वेळात डाव्या हाताला प्रबळगड दिसू लागतो, त्याच्या पुढे इर्शाळगडाचा सुळका वर येतो आणि समोर बोरघाटाचा निळसर तट उभा राहतो. पावसाळ्यात या तटावरून पाण्याच्या धारा कोसळत असतात. शहरातून डोंगराकडे नेणारे जे रस्ते महाराष्ट्रात आहेत, त्यांत हा रस्ता देखणा आहे, याबद्दल वाद होण्याचे कारण नाही.

या देखणेपणाकडे तुच्छतेने पाहण्याची एक सवय आपल्याकडच्या काही कार्यकर्त्यांना असते. निसर्गसौंदर्य हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असे ते मानतात. ही समजूत चुकीची आहे. आठवडाभर यंत्रापुढे उभा राहणारा कामगार रविवारी बायकामुलांना घेऊन धबधबा पाहायला निघाला, तर तो त्याचा हक्कच आहे. प्रश्न सौंदर्याचा नाही. प्रश्न असा आहे, की हा रस्ता कोणाच्या श्रमातून आणि कोणाच्या जमिनीवर झाला, त्याचे मोल कोण वसूल करतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना जी माणसे राहतात त्यांना त्यावर पाऊल ठेवता येते की नाही.

सह्याद्रीतल्या वाटा आजच्या नाहीत. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी घाटवाटांनीच वर चढत होता. बोरघाटाच्या माथ्याजवळची कार्ले-भाजे येथील लेणी त्या वाहतुकीच्या आधाराने उभी राहिली. कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नरकडे जाताना नाणेघाट लागतो. तेथे सातवाहनांचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने मानले जाते. वाट तुडवणाऱ्याकडून पैसा घेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही, असे म्हणायला म्हणूनच हरकत नाही. मात्र त्या वाटेवर पायी जाणाऱ्याला मज्जाव होता, असे कोणी सांगितलेले नाही.

इंग्रजी अमलात बोरघाटातून गाड्यांचा रस्ता काढण्यात आला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १८३० मध्ये तो खुला झाला आणि कोकण व देश यांच्यामधली भिंत फुटली, असा गाजावाजा सरकारने केला. त्यानंतर आली रेल्वे. बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये संपले. त्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. उघड्या डोंगरावर राहणाऱ्या या माणसांना पटकीने आणि तापाने अक्षरशः झोडपले. मृतांची नीट मोजदाद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून या मजुरांनी उठाव केला आणि मूळ ठेकेदाराला काम सोडून द्यावे लागले. मुंबईच्या गिरण्यांतला कामगार संघटित होण्याच्या कितीतरी आधी, बोरघाटातल्या बेगारीसारख्या कामावरच्या माणसाने आपल्या घामाचे दाम मागितले होते. कामगार चळवळीच्या इतिहासात या घाटाला मानाची जागा मिळायला हवी होती. ती मिळालेली नाही.

याच घाटात, जुन्या रस्त्यावर खोपोलीच्या वर, शिंगरोबाचे देऊळ आहे. त्याची कथा ट्रकचालकांपासून एस.टी.च्या वाहकांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. साहेबांच्या अभियंत्यांना डोंगरातून मार्ग सापडेना, तेव्हा मेंढरे राखणाऱ्या शिंगरोबा धनगराने त्यांना वाट दाखवली. बक्षीस काय हवे, असे विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे. तिच्यातल्या तपशिलाला कागदोपत्री पुरावा मागण्यात अर्थ नाही. परंतु दीडशेहून अधिक वर्षे लोकांनी ती जपली, यालाही काही अर्थ आहे. वाट दाखवणारा एक, वाट वापरणारा दुसरा आणि वाट दाखवणाऱ्याच्या वाट्याला गोळी, हा अनुभव लोकांना ओळखीचा वाटला, म्हणूनच ती कथा टिकली. आजही त्या देवळापुढून जाताना चालक गाडीचा वेग कमी करतो आणि एक नाणे टाकतो. कोणी पावती देत नाही, कोणी आडवा बांबू घालत नाही. तरी तो टाकतो.

हा अनुभव बोनकोड्याच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. मुंबईची गर्दी कमी करायची, हा हेतू वाईट नव्हता. नियोजनकारांनी काढलेल्या नकाशांत मोकळ्या जागा होत्या, रुंद रस्ते होते, झाडे होती. फक्त त्या नकाशांत आगरी आणि कोळी माणसाने पुढे कशावर जगायचे, याचे उत्तर नव्हते. खाचर गेले, मिठागर गेले, मासेमारीची खाडी गाळाने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने मरत गेली. त्यामुळे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उठला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारकडून मिळवावे लागले. शहर ज्याच्या जमिनीवर उभे राहते, त्याचा त्या शहरात वाटा असतो, एवढीच साधी गोष्ट मान्य करून घेण्यासाठी पाच जीव द्यावे लागले.

जमीन गेली तसा डोंगरही गेला. पारसिकच्या रांगेत दगडखाणी निघाल्या. नव्या शहराच्या इमारती आणि रस्ते त्या दगडाच्या खडीवर उभे आहेत. दूर दुष्काळी भागांतून आलेली माणसे तेथे सुरुंगाच्या धुरळ्यात राबली. रस्ता शहरातून डोंगराकडे जातो, तेव्हा त्याच रस्त्याने डोंगर खडी होऊन शहराकडे येत असतो. पर्यटकाला यातले पहिले दिसते. दुसरे पाहायचे तर रात्रीच्या डंपरमागे चालावे लागते.

आता त्या द्रुतगती मार्गाकडे वळू. राज्य सरकारच्या रस्ते विकास महामंडळाने बांधलेला सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. सहापदरी, काँक्रीटचा, मधोमध दुभाजक असलेला हा रस्ता अभियांत्रिकीच्या दृष्टीने अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या तोंडाशी एक फलक आहे. पादचारी, बैलगाडी, सायकल, दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांना या रस्त्यावर प्रवेश नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने या बंदीला कारण आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाहतुकीत बैलगाडी घालावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण या फलकावरची यादी पुन्हा एकदा वाचावी. जी साधने खेड्यातल्या माणसाजवळ असतात, ती सगळी त्या यादीत आहेत. ज्यांच्या शेतांतून हा रस्ता गेला, ती माणसे एका काठावर आणि त्यांची राहिलेली शेते दुसऱ्या काठावर, असा प्रकार जेथे झाला तेथे रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग कोठे, किती अंतरावर आणि पावसाळ्यात त्यात पाणी किती साचते, हे प्रश्न त्या माणसांसाठी रोजच्या जगण्याचे झाले.

दुसरी गोष्ट पैशाची. २००४ मध्ये या मार्गावरील टोलवसुलीचे हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन १५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे देण्यात आले. मुदत संपल्यावर २०२० मध्ये ८,२६२ कोटी रुपयांच्या बोलीने ते पुन्हा त्याच समूहाकडे पुढील सुमारे दहा वर्षांसाठी गेले. १ एप्रिल २०२३ पासून मोटारीचा एका फेरीचा टोल ३२० रुपये आणि बसचा ९४० रुपये झाला. रस्त्याचा खर्च वसूल झाला की नाही, याची चर्चा न्यायालयापासून विधिमंडळापर्यंत अनेकदा झाली. त्या हिशेबाच्या तपशिलात न शिरताही एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येईल. मोटारीतून चौघे जातात, तेव्हा माणशी ८० रुपये पडतात. एस.टी.च्या बसचे ९४० रुपये मात्र, ज्याला मोटार घेणे कधीच जमणार नाही, अशा प्रवाशाच्या तिकिटात अगर त्याच एस.टी.च्या तोट्यात मिसळतात. २०१५ मध्ये लोकांच्या आंदोलनांमुळे राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एस.टी. यांना सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. म्हणजे लोकांनी रेटा लावला, की टोलही हटतो. पण २०१५ च्या त्या यादीत द्रुतगती मार्ग नव्हता. सार्वजनिक वाहतुकीच्या बसला सार्वजनिक मालकीच्या रस्त्यावर टोल का असावा, या साध्या प्रश्नाचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

मित्रहो, या रस्त्याबद्दल बोलायचे खरे कारण याहून गंभीर आहे. द्रुतगती मार्गावरून जो इर्शाळगडाचा सुळका इतका सुंदर दिसतो, त्याच्या कुशीत ठाकर आदिवासींची एक वाडी होती. तिचे नाव इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री, धो धो पावसात, झोपेत असलेल्या त्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवून त्यांना मृत समजण्यात आले. दोनशेहून थोडी अधिक वस्ती असलेल्या वाडीतली ही संख्या आहे.

त्या रात्री मदत का पोहोचेना? देशातल्या पहिल्या सहापदरी द्रुतगती मार्गापासून अवघ्या काही किलोमीटरांवर असलेल्या त्या वाडीला रस्ताच नव्हता. मातीचा ढिगारा उपसणारे यंत्र वर चढवता येईना. जवानांना चिखलातली निसरडी पायवाट अंधारात तुडवत जावे लागले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. बचावकार्यासाठी ती चढण चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. ज्या वाटेने वाडीतल्या बायका वर्षानुवर्षे डोक्यावर लाकडे आणि भाजी घेऊन बाजाराला उतरत होत्या, ज्या वाटेने आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणले जात होते, ती वाट किती बिकट आहे, हे शहराला त्या रात्री प्रथम कळले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावही नव्हते, हे विधानसभेतच सांगण्यात आले. २०१४ मध्ये माळीण येथे १५१ माणसे गाडली गेल्यावर आणि २०२१ मध्ये तळिये येथे तसाच घाला पडल्यावरही ही यादी अपुरीच होती.

बोनकोड्याचा आणि या वाडीचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याने घरी जाऊन नळ उघडावा. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात, याच इर्शाळगडाच्या पायथ्याला धावरी नदीवर आहे. त्या डोंगरावर पडलेला पाऊस नवी मुंबईच्या नळांतून येतो. त्या धरणासाठीही गावे आणि वाड्या उठल्या आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या वर्षानुवर्षे रेंगाळल्या. डोंगरातून पाणी शहरापर्यंत आणणारी नळवाहिनी घालता आली. डोंगरातल्या माणसाला खाली आणणारा रस्ता करता आला नाही. शहराला जे हवे असते, त्याला वाट सापडते.

जमीन देणारा बोनकोड्याचा आगरी आणि पाणी देणाऱ्या डोंगरावरचा ठाकर यांना हा एकच रस्ता जोडतो. दुर्दैव असे, की त्या रस्त्यावर त्यांची भेट होत नाही. पहिल्याची मुले आज त्याच रस्त्याने मोटारीतून लोणावळ्याला जातात आणि दुसऱ्याची वाडी त्यांना काचेतून एक सुंदर देखावा म्हणून दिसते. जो काल विस्थापित झाला तो आज शहरी झाला, म्हणून त्याने डोंगरातल्या विस्थापिताला विसरावे काय? चौक, कर्जत, खालापूर या भागांत देखाव्याचीच विक्री चालू आहे. जेथून डोंगर दिसतो ती जमीन फार्महाऊससाठी विकली जाते आणि डोंगरावर पिढ्यानपिढ्या राहणारा माणूस खाली त्याच फार्महाऊसचा रखवालदार होतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, यासाठी महसूल संहितेत कलम ३६ अ आहे. पण कलम कागदावर राहते आणि व्यवहार कुळांच्या, मुखत्यारपत्रांच्या आडून होत राहतात. यावर डोळा ठेवणे हे तालुक्यातल्या कार्यकर्त्याचे काम आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मोठा रस्ता झाला म्हणून कारखान्याचा माल वेळेवर पोहोचतो, नाशवंत भाजी टिकते, पुण्याच्या रुग्णाला मुंबईचे इस्पितळ लवकर गाठता येते, एस.टी.ने जाणाऱ्या माणसाचाही वेळ वाचतो. हे सारे खरे आहे. समाजवादी विचाराचा माणूस रस्त्याला विरोध करीत नाही, आणि करूही नये. दळणवळण वाढल्याशिवाय जातीच्या आणि गावकीच्या भिंती पडत नाहीत. आक्षेप आहे तो क्रमावर. एका बाजूला प्रवासाची पंचवीस-तीस मिनिटे वाचावीत म्हणून खोपोली ते कुसगाव अशा नव्या जोडरस्त्याचे काम २०१९ मध्ये हाती घेतले जाते आणि डोंगराच्या पोटातून जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा खणला जातो. दुसऱ्या बाजूला, वाडीला जीप जाईल एवढा कच्चा रस्ता करण्याची गोष्ट निघाली, की वनखात्याची परवानगी, निधीचे शीर्ष, लोकसंख्येचा निकष अशी कारणे पुढे येतात. बोगद्यालाही वनखात्याची परवानगी लागते. ती मिळते.

महाराष्ट्राला हे जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे, विशेषतः बायका, खडी फोडायला रस्त्यावर उतरल्या आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे हे देशातले पहिले राज्य. खेड्यापाड्यांतले कितीतरी रस्ते, बांध आणि तलाव त्या हातांनी केले. गावातल्या माणसाला काम आणि गावाला वाट, ही सांगड या राज्याने देशाला शिकवली. जे दुष्काळात शक्य झाले, ते आजच्या सुकाळात अशक्य कसे?

म्हणून कार्यकर्त्यांनी काही मागण्या नेमकेपणाने पुढे रेटल्या पाहिजेत. घाटातल्या महामार्गांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्याच तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांच्या रस्त्यांसाठी कायद्याने बांधून ठेवला जावा. सार्वजनिक बसला राज्याच्या रस्त्यावर टोल असू नये. रस्ता जेथे जेथे शिवार तोडतो, तेथे माणसाला, जनावराला आणि ट्रॅक्टरला ओलांडता येईल असा मार्ग, आणि जोडीला सेवारस्ता, बांधकामाच्या अटीतच असावा. दरडीच्या धोक्याची पाहणी सालोसाल व्हावी, तिची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावी आणि जी वाडी हलवायची तिचे पुनर्वसन दुर्घटनेच्या आधी व्हावे. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ घरे बांधून देण्याचे काम सिडकोकडे सोपवले गेले. दरड कोसळल्यावर जी यंत्रणा घरे बांधू शकते, ती आधीही बांधू शकली असती.

आणि एक काम सरकारकडे मागण्याचे नाही, स्वतः करण्याचे आहे. शहरातल्या शाखांनी पावसाळ्याआधी, ज्या डोंगराचे पाणी ते पितात, त्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पायी जावे. नकाशा घेऊन नव्हे, वही घेऊन जावे. कोणत्या वाडीला वाट नाही, कोणत्या वाडीतून बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागते, कोठे जमिनीला भेग पडली आहे, हे वाडीतल्या माणसांना विचारून लिहून घ्यावे आणि ती वही तहसीलदाराच्या टेबलावर ठेवावी. दरडीची पहिली चाहूल उपग्रहाआधी वाडीतल्या म्हातारीला लागते. तिचे ऐकायला कोणी गेले पाहिजे.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस पडलेले असताना, बोरघाटातला जुना अमृतांजन पूल पाडण्यात आला. वाहतुकीला अडथळा होत होता, म्हणून ते करणे भागच होते. इंग्रजांच्या काळातली एक खूण गेली. शिंगरोबाचे देऊळ मात्र आहे. जुन्या रस्त्याने जाणारा चालक अजून तेथे नाणे टाकतो. ज्याने वाट दाखवली त्याचे काही देणे लागते, याची ती आठवण आहे. टोलनाक्यावर दररोज जमा होणाऱ्या पैशाला ही आठवण नाही. ती करून देणे, आणि इर्शाळवाडीसारख्या प्रत्येक वाडीपर्यंत एक साधी, पावसाळ्यात न तुटणारी वाट जाईपर्यंत ती करून देत राहणे, हे आज बोनकोड्यात जमलेल्या प्रत्येकाचे काम आहे.